खाली नाव, पत्ता आणि दुकानाची वेळ

पेंटरांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं. माणूस बोलला तर त्याने खाली नाव लिहावं, नाव लिहिलं तर पत्ता लिहावा, आणि पत्ता असा लिहावा की रस्त्याच्या पलीकडून, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता यावा. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्याची हयात गेली त्याचं तत्त्व दुसरं काय असणार? मालकांना आपल्या नावाभोवती वेलबुट्टी हवी असायची, कोपऱ्यात बदक हवं असायचं. पेंटर सगळं ऐकून घ्यायचे, बदकही काढून द्यायचे. पण पत्त्याची ओळ आली की कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. "बदक बघून गिऱ्हाईक येत नाही हो," ते म्हणायचे, "पत्ता बघून येतं."

ही सवय पाट्यांपुरती राहिली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण ती हाडीमांसी खिळली होती. शेजारच्या घरात कोणी वारलं तेव्हा पेंटरांनी चार ओळींची सांत्वनाची चिठ्ठी लिहिली, आणि खाली नाव, पत्ता आणि 'दुकान दुपारी एक ते तीन बंद' असं लिहून दिलं. नळाला पाणी कमी येतं या तक्रारीखाली लिहिलं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण बायकोच्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने रंगवलेल्या कार्डावरही त्यांनी घराचा पूर्ण पत्ता घातला होता. पेंटरीणबाई त्याच घरात लग्न झाल्यापासून राहत होत्या. "बरं केलंत हो," कार्ड बघून त्या म्हणाल्या, "नाहीतर मी चुकून दुसरीकडेच जाऊन झोपले असते."

पेंटरीणबाई हे त्यांना गल्लीने दिलेलं नाव. त्यांनी जन्मात ब्रश हातात धरला नव्हता. त्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन घ्यायचं आणि पेशंटांना वेळ द्यायचं काम करत. दाढ धरून कण्हणाऱ्या माणसाकडून त्याचं नाव, वय, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं आणि इतके दिवस काय करत होतात, हे सगळं चार वाक्यांत काढून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पेंटर या विद्येला मनापासून घाबरत.

जिन्याखालची अरुंद खोली म्हणजे पेंटरांचं दुकान. आत टर्पेंटाइनचा वास, वाळलेल्या ओघळांनी सजलेले रंगाचे डबे, बरणीत केस वर करून उभे राहिलेले ब्रश, आणि एक स्टूल. त्या स्टुलावर बसलेला माणूस उठताना थोडा रंग बरोबर घेऊनच जाई. समोरच्या फुटपाथवर एका तरुणाने छपाईचं मोठं यंत्र टाकलं होतं. ते यंत्र बघता बघता लांबरुंद पाटी बाहेर ओकायचं, बदकासकट. पेंटरांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिकडे गेली होती. उरलं होतं ते काचेचं काम. दाराच्या काचेला आतून सोन्याचा वर्ख चिकटवायचा, त्यावर रंगाने उलटी अक्षरं काढायची आणि बाकीचा वर्ख पुसून टाकायचा. बाहेरून पाहणाऱ्याला ती सुलटी आणि झळझळीत दिसतात. ही गोष्ट समोरच्या यंत्राला अजून साधली नव्हती. पेंटर त्या यंत्राकडे बघून रोज एकदा हसून घेत.

आणि मग एके दिवशी, चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर काम करताना, एका गोलाईच्या तळाशी पेंटरांचा उजवा हात थरथरला.

फार नाही, केसभर. पेंटरांनी आधी रस्त्यावरून गेलेल्या ट्रकवर ठपका ठेवला. पुढच्या गोलाईला ट्रक नव्हता. मग त्यांनी स्टुलाला दोष दिला, मग उपाशी पोटाला, मग जेवल्यावर भरल्या पोटाला. आठवडाभरात दोष द्यायला काही उरलं नाही आणि हात मात्र संध्याकाळ झाली की गोलाईच्या तळाशी हळूच हलायचा.

हे सांगायचं कोणाला? समोरच्या छपाईवाल्याला कळलं असतं तर दिवस मावळायच्या आत बाजारभर झालं असतं. पेंटरचा हात गेला म्हटल्यावर कोण आपलं दार त्याच्या हाती देतो? बायकोला सांगावं, तर ती तासाभरात तीन डॉक्टरांपुढे उभं करणार. पेंटरांना तेही नको होतं. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की, बाबांनो, हे तुमच्यापैकी कोणाला झालंय का, आणि झालं तर गोलाई कशी काढता?

'तुमच्यापैकी' म्हणजे इंटरनेटवरच्या एका चर्चागटातले लोक. जगभरचे पाट्या रंगवणारे तिथे जमून रंगांवर, ब्रशांवर आणि छपाईच्या यंत्रांना शिव्या देण्यावर चर्चा करत. मेहुण्याने पेंटरांना त्यात घालून दिलं होतं. तेव्हा एका दुपारी, दुकान बंद ठेवायच्या वेळेत, पेंटरांनी मन मोकळं केलं. चांगलं लांबलचक लिहिलं. हात केव्हा हलतो, किती हलतो, चष्म्याचं दुकान, संध्याकाळ, सगळं. सुरुवातीलाच अधोरेखित करून लिहिलं की ही गोष्ट कृपया आपल्यातच राहावी, बायकोलाही सांगितलेली नाही.

आणि खाली, वर्षानुवर्षांच्या सवयीने, पूर्ण नाव, दुकानाचं नाव, रस्ता, खूण म्हणून 'बूट दुरुस्तीवाल्याच्या शेजारी', दुकानाचा फोन, घरचा फोन, ईमेलचा पत्ता आणि दुकानाची वेळ लिहिली.

ज्या गटाचं पान जगातला कोणीही दार न ठोठावता उघडून वाचू शकतो, त्या गटात पेंटरांनी आपलं गुपित पाटी रंगवून टांगलं होतं. पत्ता अगदी सुवाच्य.

गटात उत्तर आलं ते बरं होतं. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका म्हाताऱ्या काचवाल्याने लिहिलं की सकाळी काम करा, मनगट टेकायला लांब काठी घ्या, डॉक्टरला दाखवा. आणि भल्या माणसा, तुझा पत्ता तिथून काढून टाक. पेंटरांना सल्ला आवडला, शेवटचं वाक्य सोडून. पत्ता काढून टाक म्हणजे काय? आपण काय बिननावाची पत्रं टाकणारे आहोत?

त्यानंतर मेल यायला लागल्या.

पहिली थरथरणाऱ्या हातांवरच्या तेलाची. दुसरी चुंबकाच्या कड्याची. तिसरी एका हातमोज्याची, जो म्हणे स्वतः थरथरून आतल्या हाताची थरथर थांबवत असे. पेंटरांना वाटलं, लोक किती काळजी घेतात. दुकानात आलेल्या विक्रेत्याला उत्तर न देता त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला लिहिलं: 'आपले पत्र मिळाले. तूर्त आवश्यकता नाही. कळावे.' खाली नाव, पत्ता आणि दुकानाची वेळ. ज्यांनी 'यापुढे मेल नको असल्यास इथे दाबा' असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी आज्ञाधारकपणे दाबलं.

दुसऱ्या दिवशी धरण फुटलं. तेलं, मुळ्या, कडी, पट्टे आले. मग पत्ता हातोहात पुढे गेला असावा, कारण हातांच्या पाठोपाठ कर्ज देणारे आले, जहाजाच्या सहली आल्या, आणि पेंटरांच्या फोटोवर भाळलेली एक विधवा आली. पेंटरांनी आपला फोटो कुठेच टाकलेला नव्हता. विधवेला काय उत्तर द्यावं यावर ते एक अख्खी सकाळ अडून बसले.

घरात मेलचा पत्ता एकच. दवाखान्यातल्या पाळ्यांचे बदलही पेंटरीणबाईंना त्यावरच येत. तेलाच्या पुरात त्यांची एक बदललेली पाळी बुडाली आणि त्या सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात जाऊन परत आल्या.

"अहो," पर्स टेबलावर आदळत त्या म्हणाल्या, "दवाखान्यातल्या सगळ्यांना विचारून आले. कोणाला टक्कलाच्या जाहिराती येतात, कोणाला बारीक होण्याच्या. आपल्याकडेच सगळे हातावर का घसरलेत?"

"सगळ्यांनाच येतात," पेंटर वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"डॉक्टरांना नाही येत."

"डॉक्टरांचं आडनाव मोठं आहे. तिथवर पोचत नसतील."

"आणि वर्तमानपत्र उलटं धरलंय."

"आमच्या धंद्यात उलटं वाचता यावं लागतं," पेंटर म्हणाले. ते खरंच होतं, पण त्या क्षणी ते कामाला आलं नाही. पेंटरीणबाईंनी भावाला बोलावून घेतलं.

मेहुणा एका कुरिअर कंपनीत कॉम्प्युटरांची देखभाल करायचा. त्यामुळे जगातल्या कोणत्याही विषयावर बोलायचा आपल्याला परवाना मिळाला आहे अशी त्याची समजूत होती. पण हा विषय नेमका त्याचाच निघाला, त्यामुळे त्याला आवरणं कठीण झालं.

"भाऊजी, पत्ता कुठेतरी उघडा टाकलात तुम्ही."

"उघडा म्हणजे? पत्ता काय झाकून ठेवायची वस्तू आहे?"

"आता आहे! असे प्रोग्राम दिवसरात्र पानापानांवरून फिरत असतात. तुम्ही काय लिहिलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. ईमेलचा पत्ता दिसला की उचल, पिशवीत टाक, पुढे विक. चर्चागट म्हणजे तर त्यांचा बाजारच."

"मग ज्याला खरोखर बोलायचंय त्याने काय करावं?"

"गटातच उत्तर द्यावं. नाहीतर गटासाठी एक वेगळा पत्ता ठेवायचा, टाकाऊ. पडू दे त्यात कचरा. घरचा पत्ता ओळखीच्यांनाच. आणि फोन नंबर तर जीव गेला तरी लिहायचा नाही."

टाकाऊ पत्ता! 'मालक इथे राहत नाहीत' अशी पाटी सोनेरी अक्षरांत रंगवायला सांगावी तसा पेंटरांचा चेहरा झाला. तेवढ्यात मेहुण्याने 'पाठवलेल्या मेल' हा कप्पा उघडला आणि तो खुर्चीतून अर्धा उठला.

"हे काय? तुम्ही त्यांना उत्तरं देताय?"

"नको असेल तर नको म्हणून सांगायला नको?"

"अहो भाऊजी, ते लाखो पत्त्यांवर मेल फेकतात, अंदाधुंद! त्यातले किती मेलेले, किती जिवंत हे त्यांनाही माहीत नसतं. जो उत्तर देतो तो जिवंत. तुम्ही रोज उठून हजेरी देताय: आहे, जिवंत आहे, दुपारी एक ते तीन बंद!"

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला.

"त्या गटातच टाकलंत ना? काय टाकलंत ते दाखवा, आत्ता काढून टाकतो," मेहुणा म्हणाला.

"नको नको," पेंटर इतक्या घाईने म्हणाले की स्वयंपाकघरातलं हसणं थांबलं. "माझं मी काढीन. आणि समजा, एखाद्याने टाकलेलं काढलं, तर ते जातं ना? साफ?"

"तिथून जातं. पण मधल्या काळात कोणी उतरवून घेतलं असेल तर ते राहिलंच. असली पानं चोरून छापणाऱ्या जागा पैशाला पासरी आहेत."

पेंटरांनी त्या दुपारी गटाच्या मुकादमाला लिहिलं. गटावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला पेंटर मुकादमच म्हणत. मुकादम सज्जन होता. त्याने पोस्ट काढली आणि जाता जाता मेहुण्याचंच व्याख्यान पुन्हा ऐकवलं. त्या संध्याकाळी पेंटर सुखाने जेवले.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला.

बाजारातल्या जुन्या कचेरीचा मजला वकीलबाईंनी घेतला होता आणि दाराच्या मोठ्या काचेवर त्यांना सोन्याची अक्षरं हवी होती. बाईंचं नाव, खाली त्यांच्या वडिलांचं, मग पदव्या. काम ऐकूनच पेंटरांना ताठ बसावंसं वाटलं. पण फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल नेटवर पाहिलं मी," आणि फोन ठेवला.

काय पाहिलं?

पेंटरांनी दुकानाचा दरवाजा ओढून घेतला आणि कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव शोधलं. पहिलंच पान उघडलं ते कुठल्याशा परक्या जागेचं. वर तेलाची जाहिरात, खाली तेलाची जाहिरात, आणि मध्ये त्यांचं ते लांबलचक मनोगत, 'ही गोष्ट कृपया आपल्यातच राहावी' यापासून 'दुपारी एक ते तीन बंद'पर्यंत. एक अक्षर गळलं नव्हतं. छपाई चांगली होती.

तेव्हापासून पेंटरांच्या पायाला भिंगरी लागली. बाईंनी वाचलं असेल तर काम का दिलं? वाचलं नसेल तर कधी वाचतील? वर्ख लावायच्या आधी की नंतर? ते बाईंच्या दाराचं माप घ्यायला गेले. घरी येऊन ते माप चुकलं असेल म्हणून पुन्हा गेले. तिसऱ्यांदा ते नुसतेच जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून दाराकडे बघत होते, तेव्हा बाईंच्या कारकुनाने बाहेर येऊन विचारलं, "काका, दार पळून जाईल असं वाटतंय का?" पेंटरांनी एकदा धीर करून बाईंना विचारलंसुद्धा, "नेटवर काय पाहिलंत म्हणालात?" पण बाई कानाला फोन लावून कोणाला तरी दमात घेत होत्या. त्यांनी हातानेच 'मग' असं केलं आणि पेंटर जिना उतरले.

दुकानात बसवेना, घरात बसवेना. गटात त्या म्हाताऱ्या काचवाल्याला पुन्हा विचारावं असं वाटे, पण गटात जायचं म्हणजे खाली पत्ता न लिहिता जायचं, आणि ते म्हणजे उघड्या अंगाने लग्नाला जाण्यासारखं. मेहुण्याने यावर तोड काढली. "लिहायचाच असेल तर पत्त्याचं चित्र टाका, भाऊजी. माणसाला वाचता येतं, त्या प्रोग्रामांपैकी बऱ्याच जणांना नाही येत. आणि तुमच्यासारखं चित्र कोण काढणार?"

पेंटर खुलले. हे त्यांना कळण्यासारखं होतं. टाकाऊ का होईना, नवा पत्ता त्यांनी काढून घेतला, पत्र्याचा तुकडा घेतला आणि निळ्यावर पांढरा असा तो रंगवायला बसले. गोलाईच्या तळाशी रेघ हलली. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, मग काठी टेकवून तिसरा, मग उभं राहून, श्वास धरून, खिडकीकडे पाठ करून. संध्याकाळपर्यंत दुकानाच्या चारी भिंतींना एकच पत्ता टेकून उभा होता आणि प्रत्येकावर त्यांना ती केसभर थरथर दिसत होती. परक्याला ती दिसली नसती. पण गटात सगळे पाट्यावालेच होते. त्यांना हेच दिसलं असतं.

समोरचा छपाईवाला रस्ता ओलांडून आला. "पेंटरकाका, मोठी ऑर्डर दिसते! आणि सगळ्यांवर एकच मजकूर? मला सांगायचंत, एका दमात काढून दिल्या असत्या."

"वाळायच्यात," पेंटर म्हणाले आणि एकेक पत्रा भिंतीकडे तोंड करून ठेवू लागले. ओल्या रंगाने भिंतीवर पत्ता उमटत गेला.

त्याच आठवड्यात ते दुपारी एक वाजता जेवायला घरी गेले. पेंटरीणबाईंची सुट्टी होती. त्या कपड्यांना इस्त्री करत होत्या आणि हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. पेंटर चपला काढत होते.

"थरथरणाऱ्या गृहस्थांशी बोलायचं होतं," फोन म्हणाला.

"कोण थरथरणारे?"

"बाई, पेंटरांचंच घर ना हे? उजव्या हाताची तक्रार आहे त्यांची. गोलाईच्या तळाशी जास्त होतं."

एक चप्पल पेंटरांच्या हातातच राहिली. पेंटरीणबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. त्यांच्या तोंडून दवाखान्यातला आवाज निघाला, गोड आणि घट्ट.

"हो, बरोबर. नोंद करून घेते हं. तक्रार कधीपासूनची म्हणालात?"

"चष्म्याच्या दुकानाच्या कामापासून, असं त्यांनीच लिहिलंय."

"सकाळी जास्त की संध्याकाळी?"

"संध्याकाळी."

"जेवताना? सही करताना?"

"ते नाही लिहिलेलं. बायकोला सांगितलेलं नाही, एवढं लिहिलंय."

"असं का. का नाही सांगितलं, ते लिहिलंय?"

फोनमधला माणूस वाचू लागला, जाहिरातीच्या चालीत. "'ती काळजी करत बसत नाही, ती लगेच कामाला लागते. आणि ती कामाला लागली म्हणजे दुखणं खरं आहे असं ठरेल.' तर बाई, आमच्या तेलाच्या दोन बाटल्या एकदम घेतल्या तर—"

"तेल राहू द्या. तुम्ही आपलं नाव, पत्ता आणि ऑफिसची वेळ सांगा."

पलीकडून फोन बंद झाला.

पेंटरीणबाई वळल्या. पेंटर दारात चप्पल हातात धरून उभे होते, मारायला आल्यासारखे किंवा मार खायला.

"जगातल्या प्रत्येक तेलवाल्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कडेवाल्याला माहीत आहे. हातमोजेवाल्याला माहीत आहे. त्या विधवेला सांगितलंत की नाही?"

"तिला नाही."

"मग आम्ही दोघीच राहिलो म्हणायच्या."

पेंटर स्टुलावर बसले. घरातल्या स्टुलाला रंग नव्हता, तरी ते सवयीने कडेवरच बसले. "तुला सांगितलं असतं तर तू—"

"कामाला लागले असते. हो. लागणारच." त्यांनी फोन उचलला, तीन जणांशी बोलल्या, दोघांशी भांडल्या आणि पुढच्या आठवड्यातली डॉक्टरची वेळ घेतली. तोवर पेंटरांनी एक घासही खाल्ला नाही. मग त्या समोर येऊन बसल्या आणि त्यांचा उजवा हात धरून, उताणा करून, पालथा करून पाहिला, पेशंटाचा पाहावा तसा नाही.

"आणि वकीलबाईंचं दार?"

"त्यांनी नेटवर पाहिलंय म्हणे."

"काय पाहिलंय?"

"ते विचारता नाही आलं."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही घरभर येरझाऱ्या घालताय, आणि विचारलंसुद्धा नाहीत?" पेंटरीणबाईंनी ताट त्यांच्याकडे सरकवलं. "जेवा. आणि जेवून जा. सोन्याला हात लावायच्या आधी सांगायचं, नंतर नाही."

दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी त्या दिवशी पेंटर वकीलबाईंच्या टेबलासमोर बसले होते. बाई म्हणाल्या, अशील येतंय, लवकर सांगा. पेंटरांनी लवकर सांगितलं. हात, गोलाई, संध्याकाळ, डॉक्टर. आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही नेटवर वाचलंच आहे म्हणा."

"मी?" बाईंनी चष्मा वर केला. "मी कुठे वाचलंय? काचेवरची सोन्याची अक्षरं म्हणून शोधलं, तर सगळे छपाईवाले निघाले. एका ठिकाणी खाली नाव, पत्ता, फोन, वेळ, सगळं नीट लिहिलेलं होतं. तेवढं उतरवून घेतलं. वरचं एवढं लांबलचक कोण वाचतो? वकील आहे मी, फी मिळाल्याशिवाय लांब मजकूर वाचत नाही."

पेंटरांना आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं की जी गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती ती आपण आत्ताच, स्वतःच्या तोंडाने, पदरमोड करून सांगितली आहे.

"पण आता कळलंय मला," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग? पुढे काय करायचं म्हणता?"

पेंटरांनी दाराकडे पाहिलं. "काच आहे. पुसता येते. आधी नुसत्या रंगाने काढून दाखवतो. हललं तर पुसेन. तुम्हाला पटलं तर वर्ख आणतो." मग म्हणाले, "नाही पटलं तर माझ्या दुकानासमोर छपाईवाला आहे. पोरगा चांगला आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात जड गेलं. बाईंनी अशिलाला बाहेर थोडं थांबायला सांगितलं. "कधी येता?"

"सकाळी. सकाळी हात बरा असतो."

सकाळी कचेरी उघडताक्षणीच पेंटर डबे आणि काठी घेऊन हजर झाले. दार दोन्हीकडे उघडणारं, नुसत्या टेकलेल्या काठीनेही झुलणारं. कोणीतरी ते बाहेरून धरून ठेवायला हवं होतं. पेंटरीणबाई बरोबर आल्याच होत्या. दवाखान्याचा पांढरा कोट घालून, खांद्याला पर्स लावून त्या बाहेर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. आत पेंटर, बाहेर त्या, मध्ये जाड काच. पलीकडचं बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. पेंटरांना आतून अक्षरं उलटी दिसणार होती आणि त्यांना बाहेरून सुलटी. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला काम करताना इतक्या जवळून, समोरून, पाहिलं नव्हतं. पेंटरांना ते फार जड जाऊ लागलं.

पहिली उभी रेघ सरळ उतरली. मग गोलाई आली. पेंटरांनी काठी टेकली, मनगट टेकलं, ब्रश खाली आणला. तळाशी हात हलला. त्यांनी काचेतून वर पाहिलं. पेंटरीणबाईंनी मान हलवली: नाही. पेंटर पुटपुटले ते काचेतून ऐकू गेलं नाही हे बरं झालं. त्यांनी फडक्याला टर्पेंटाइन लावलं, गोलाई पुसली, काच कोरडी केली, आणि कपाळावरचा घाम पुसताना त्याच फडक्याने कपाळही रंगवून घेतलं. बाहेर जिन्यावरून वकीलबाई वर येत होत्या आणि येऊन पेंटरीणबाईंच्या मागे उभ्या राहिल्या.

आता काचेपलीकडे चार डोळे होते. पेंटरांनी त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं. ब्रश पुन्हा भरला. काठी, मनगट, वरून खाली, आणि तळाशी येता येता त्यांनी श्वास सोडला. ब्रश वळला, वर गेला, सुटला. झालं की नाही हे त्यांना उलट्या बाजूने, इतक्या जवळून, कळेना.

त्यांनी वर पाहिलं. वकीलबाई पुढे वाकून बघत होत्या. पेंटरीणबाईंचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यांचे ओठ हलले. काहीतरी म्हणाल्या.

"काय?" पेंटर आतून ओरडले. "हललं का?"

त्या पुन्हा तेच म्हणाल्या. पेंटरांनी काचेला कान लावला, लावताना रंग चुकवला, तरी ऐकू येईना. शेवटी त्यांनी दार आपल्याकडे ओढून बोटभर फट केली.

"काय म्हणतेस? नीट सांग ना, हललं का?"

"पुढचं अक्षर घ्या म्हटलं," पेंटरीणबाई म्हणाल्या आणि दार पुन्हा आपल्याकडे ओढून घट्ट धरलं. "मला दवाखाना उघडायचाय."